लॉनमधली वांगी

आमच्या घराला ऊन फक्त पुढच्या बाजूने मिळायचं. मागच्या अंगणात एक अवाढव्य मेपल होता, त्याच्या सावलीत गवतसुद्धा धड उगवायचं नाही, शेवाळ मात्र झकास यायचं. कॅनडातल्या मार्कहॅमच्याही पुढच्या एका छोट्या गावात बाबांनी ते घर घेतलं, तेव्हा एजंटने त्या झाडाचं फार कौतुक केलं होतं. आईने झाडाकडे मान वर करून पाहिलंदेखील नाही. ती पुढच्या लॉनवर उभी राहून, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून, सूर्य कुठून कुठे जातो ते बघत होती. बाबा आत बेसमेंटमध्ये घर तापवायची फर्नेस किती जुनी आहे हे विचारत होते आणि बाहेर आईचं ठरून गेलं होतं.

आई मूळची अकोल्याची. तिने शेतकीत एम.एस्सी. केलं होतं, उद्यानविद्या घेऊन. कॅनडात आल्यावर त्या पदवीचं काय करायचं हे कोणालाच कळेना, तिलाही नाही. चार-पाच ठिकाणी अप्लाय करून झालं, ‘कॅनेडियन एक्स्पीरियन्स’ हवा असं सगळीकडून उत्तर आलं, आणि मग ती एका बेकरीत ब्रेडच्या पाकिटांच्या लाइनवर उभी राहायला लागली. पहाटे साडेपाचला निघायची, दुपारी तीनला परत यायची. तिच्या अंगाला यीस्टचा आणि भाजल्या मैद्याचा वास असायचा. मला तो आवडायचा, तिला नाही. ती आल्याआल्या हातपाय धुवायची आणि थेट मातीत हात घालायची.

बाबा तेव्हा मॉन्ट्रियलला कॉन्ट्रॅक्टवर होते. शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने यायचे, रविवारी जायचे. ते पुण्याचे, त्यामुळे त्यांचं बोलणं बेताचं आणि काळजी फार. आठवडाभर घरात आई आणि मी. मी चौदा वर्षांची होते. आई मराठीत बोलायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायची आणि आम्हाला दोघींनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. रागावली किंवा फार खूश झाली की आईचं मराठी सरळ वऱ्हाडात जायचं. एरवी ती शब्द तोलून वापरायची, इंग्रजी तर फारच तोलून. घरी येणारी पत्रं, बिलं, फॉर्म सगळं मीच वाचून दाखवायची. तिला वाचता येत नव्हतं असं नाही. चुकायची भीती वाटायची. आता मी तिच्या तेव्हाच्या वयाला पोचले आहे, दिवसभर इंग्रजीतच काम करते, तरी सरकारी पाकीट मीही आधी उजेडाकडे धरून बघते, मगच उघडते. तेव्हा मात्र मला तिची ती भीती म्हणजे तिच्यातलं न्यून वाटायचं.

पहिल्या उन्हाळ्यात तिने ड्राइव्हवेच्या कडेने पाच फुटांचा वाफा केला. दुसऱ्या वर्षी, मे महिन्यातल्या लाँग वीकेंडला, तिने लॉनच खणायला काढला. शेजारीपाजारी बार्बेक्यू करत होते आणि आई जुनी सलवार-कमीज घालून, डोक्याला ओढणी गुंडाळून, फावड्याने गवताची सालपटं काढून उलटी टाकत होती. बाबा गॅरेजच्या दारात उभे राहून म्हणाले, “अगं, निदान अर्धा तरी ठेव.” आई म्हणाली, “अर्ध्याचं काय करू?” संध्याकाळपर्यंत आमच्या घरासमोर काळीभोर जमीन झाली होती. त्यात वांगी, टोमॅटो, मिरच्या, गवार, भेंडी, एका बाजूला अंबाडी, आणि वर चढायला दोडका. वेलाला आधार म्हणून तिने गॅरेज सेलमधून हॉकीच्या मोडक्या काठ्या आणल्या होत्या. त्याच्या आदल्या पानगळीत लोकांनी पानं भरून रस्त्याकडेला ठेवलेल्या कागदी पिशव्या ती घरी उचलून आणायची. मी त्या वेळी दहा पावलं मागे चालायची, म्हणजे ही बाई माझी कोणी नाही असं वाटावं.

समोर डग राहायचा. सत्तरीचा, एकटा, अतिशय सभ्य. हिवाळ्यात बाबा नसताना आई शोव्हल करायला बाहेर पडायच्या आत तो आपलं मशीन आणून आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी साचलेला बर्फ उडवून टाकायचा आणि आभार मानायच्या आधीच निघून जायचा. त्याचा लॉन म्हणजे गालिचा होता. आठवड्यातून दोनदा तिरक्या रेघांत कापलेला. आमची वांगी त्याच्या दिवाणखान्याच्या खिडकीसमोर येत होती. तो काही बोलला नाही, फक्त हात हलवताना पूर्वीसारखा हसेनासा झाला.

शाळा संपायच्या आठवड्यात पत्र आलं. मी नेहमीप्रमाणे उघडलं. टाउनकडून, म्हणजे गावाच्या नगरपालिकेकडून होतं. घरापुढची जागा नियमाप्रमाणे हिरवळीची आणि नीटनेटकी ठेवावी, पिकं काढून टाकावीत, नाहीतर टाउनची माणसं येऊन ती कापतील. हरकत असेल तर तीन आठवड्यांच्या आत अपील करावं. मी ते दोनदा वाचलं. मग घडी घातली आणि माझ्या गणिताच्या बाइंडरमध्ये ठेवून दिलं.

हे लिहिताना हात थांबतो, पण लिहायला हवं. मला ते पत्र वाचून सुटल्यासारखं वाटलं होतं. मैत्रिणीची आई मला गाडीतून सोडायची तेव्हा मी कोपऱ्यावरच उतरवायला सांगायची, म्हणजे आमचं घर दिसू नये. आता तीन आठवड्यांत कोणीतरी येईल, सगळं कापून नेईल, आणि आमचं घर इतरांसारखं दिसेल. मला काही करावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं.

आणि मग उन्हाळा तापला. तसा उन्हाळा आमच्या भागात कोणाला आठवत नव्हता. पाऊस थांबला तो थांबलाच. हवेत इतका दमटपणा की सकाळी दार उघडलं की कोणीतरी ओला टॉवेल तोंडावर टाकल्यासारखं वाटायचं. रेडिओवर रोज ह्युमिडेक्सचे, म्हणजे दमटपणा धरून जाणवणाऱ्या उकाड्याचे आकडे, म्हाताऱ्यांनी घरात बसावं अशा सूचना. गल्लीचा आवाजच बदलला. एरवी संध्याकाळी स्प्रिंकलरची टिकटिक आणि पोरांची सायकल असायची. आता फक्त एसीची घरघर, आणि मेपलमध्ये सिकाडा किडे दिवसभर करवत चालवावी तसे ओरडत. तलावाचं पाणी खाली गेलं म्हणून टाउनने आधी एक दिवसाआड, मग पूर्णच पाइपने पाणी घालायची बंदी केली. बादलीने हाताने घालायला परवानगी होती. दहा दिवसांत गल्लीतले लॉन पिवळे झाले, मग पेंढ्यासारखे पांढरट. डगचासुद्धा. तो सकाळी कॉफीचा मग घेऊन पायरीवर उभा राहायचा आणि नुसता बघायचा.

आईला त्या उन्हाची भीती नव्हती. “कायची लाट आहे हे?” ती म्हणायची. “आमच्याकडं याला होळी म्हणतात.” तिने आदल्या वर्षीची ती पिशव्यांतली पानं काढली आणि सगळ्या वाफ्यांवर वीतभर जाड पसरली, जमिनीचा एक ठिपका उघडा ठेवला नाही. मातीच्या कुंड्या घेतल्या, त्यांच्या तळाची भोकं मेणबत्तीच्या मेणाने बुजवली, आणि दोन-दोन झाडांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरल्या. कुंडीत पाणी भरायचं, वर बशी झाकायची. मातीला हवं तेवढंच पाणी कुंडी झिरपून देते, ती म्हणाली, जास्ती नाही, कमी नाही. दुपारच्या उन्हासाठी तिने दोन जुन्या सुती साड्या हॉकीच्या काठ्यांवर ताणून बांधल्या. एक जांभळी, एक पोपटी. मी खोलीचा पडदा ओढून घेतला.

पाणी मात्र रोज लागायचं आणि ते नळाचं वापरायचं नाही असा तिचा हट्ट होता. तांदूळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं, आंघोळ करताना गरम पाणी येईपर्यंत वाया जाणारं. सगळ्यात जास्त मिळायचं बेसमेंटमधल्या, हवेतला ओलावा ओढून घेणाऱ्या डीह्युमिडिफायरचं. त्या दमट हवेत त्याची टाकी दिवसातून दोनदा काठोकाठ भरायची. लोक ते पाणी मोरीत ओतून द्यायचे. आई म्हणायची, “पाऊस पडत नाही कोण म्हणते? आपल्या तळघरात पडून राहिला ना.”

बेकरीतली दोन माणसं उकाड्याने आजारी पडली आणि आईला जादा तास थांबावं लागायला लागलं. तेव्हा पाण्याचं काम माझ्यावर आलं. सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी सातला, बेसमेंटच्या तेरा पायऱ्या, दोन हातांत दोन बादल्या. पहिले दोन दिवस मी चिडून केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी सहज खिडकीतून पाहिलं तर वांग्याची सगळी झाडं माना टाकून पडलेली. पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. मी बेकरीत फोन केला, सुपरवायझरला म्हटलं इमर्जन्सी आहे, आईला बोलवा.

आई धापा टाकत फोनवर आली. “काय झालं?”

“मॉम, दे आर डाइंग. द एगप्लांट्स. ऑल ऑफ देम.”

ती हसली. लाइनवर उभी असताना ती कधी हसत असेल असं मला वाटलं नव्हतं. “मरत नाहीत, बाई. दुपारी माना टाकतातच ती. आपली पानं मिटून पाणी वाचवतात. हात लावू नको. उन्हं उतरली की बघ.”

मी पायरीवर बसून राहिले. पुस्तक नाही, टीव्ही नाही. सहाच्या सुमारास सावली वाफ्यावर आली आणि एकेक पान, डोळ्यांना दिसणार नाही अशा गतीने, वर यायला लागलं. साडेसातला सगळी झाडं ताठ उभी होती. पानांखाली, लिंबाएवढी, जांभळी चकचकीत तीन वांगी लागली होती. मला त्यांना हात लावायचंही धैर्य झालं नाही.

पुढच्या सोमवारी आम्ही पहिली वांगी तोडली. आईने दाण्याचं कूट, तीळ, खोबरं, गोडा मसाला भरून ती लोखंडी कढईत केली, जोडीला ज्वारीची भाकरी आणि आमच्याच मिरच्यांचा ठेचा. घरात उकाडा इतका की आम्ही ताटं घेऊन पुढच्या पायरीवर बसलो. आईचे पाय उभं राहून राहून सुजले होते, तिने ते पायरीलगतच्या वाफ्यातली पानं सारून ओल्या मातीवर टेकवले होते. जेवता जेवता ती सहज म्हणाली, “अकोल्याला कॉलेजात माझा प्रयोगाचा ट्रायल प्लॉट होता ना, त्याच्यावर पाटी होती. माझ्या नावाची. सकाळी सायकलवरून गेली की आधी ती पाटी पुसायची मी.” मग भाकरीचा तुकडा मोडून पुढे म्हणाली, “इथं पाटी नाही. पण प्लॉट आहे. चालते.”

मी ताट खाली ठेवलं. मी उठले, वर गेले, बाइंडरमधून पत्र काढून आणलं आणि तिच्या ताटाशेजारी ठेवलं. “आई, हे आलं होतं,” मी म्हटलं. “मी लपवलं.” किती तरी महिन्यांत मी तिच्याशी मराठीत बोललेलं ते पहिलं वाक्य.

तिने हात धुतले, पुसले, आणि पत्र स्वतः वाचलं. प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून, सावकाश, दोन्ही बाजू. मला वाटलं ती मारेल, किंवा रडेल. तिने विचारलं, “किती दिवस राहिले?”

“तीन.”

“अपील कुठं करायचं लिहिलंय?”

“टाउन ऑफिसमध्ये.”

“बरं.” एवढंच. ताटं उचलून ती आत गेली. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मॉन्ट्रियलहून बाबांचा फोन आला, सगळं ऐकून ते म्हणाले, “सुनंदा, कशाला भानगड? काढून टाकू. पुढच्या वर्षी मागचं झाड छाटून घेऊ.” आई म्हणाली, “अहो, तुम्ही शुक्रवारी याच. वांगी आहेत.” आणि फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी तिने सुट्टी टाकली, मला उठवलं, माझ्या हातात बादली दिली, आणि म्हणाली, “आधी पाणी. मग अपील.” मला माफ केलं असं ती कधीच म्हणाली नाही. बादलीवरून मीच समजून घेतलं.

पुढच्या बुधवारी दुपारी कमिटीपुढे सुनावणी होती. मी आईसाठी कम्प्युटरवर दीड पानाचं भाषण टाइप केलं होतं, अवघड शब्द मुद्दाम टाळून. ती साडी नेसून आली होती, हातात स्टीलचा डबा. खोली एसीने थंडगार. लांब टेबलामागे पाच जण, मध्ये चष्मा लावलेली एक बाई अध्यक्ष. मागच्या रांगेत डग बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मी आईला कोपराने खुणावलं. तिने वळून त्याला नमस्कार केला. त्याने गडबडून मान हलवली.

क्लार्कने आईचं नाव विचारलं, पत्ता विचारला. मग विचारलं, “अँड युअर ऑक्युपेशन, मॅम?”

मी ‘बेकरी’ म्हणायला तोंड उघडलं. आई माझ्या आधी म्हणाली, “हॉर्टिकल्चरिस्ट.” क्लार्कबाईला नीट ऐकू गेलं नसावं, तिने पुन्हा विचारलं. आईने पुन्हा सांगितलं, या वेळी एकेक अक्षर सुटं करून, आणि क्लार्क लिहून घेईपर्यंत तिच्या पेनाकडे बघत राहिली.

भाषणाचा कागद तिने उघडलाच नाही. ती उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, एव्हरीबडी इज सेइंग हीट वेव्ह. इन माय प्लेस धिस इज नॉट हीट वेव्ह. धिस इज मार्च.” टेबलामागे दोघेतिघे हसले. आई हसली नाही. तिने डबा उघडून अध्यक्षबाईंच्या पुढे ठेवला. त्यात आमच्या वाफ्यातली माती होती, सकाळी पानांखालून काढलेली. “नो रेन, फोर वीक. नो होज. प्लीज पुट युअर फिंगर.” बाई जरा थबकली, मग तिने खरंच बोट घातलं. माती गार आणि ओली होती. एक गांडूळ वळवळत वर आलं आणि बाईने हात मागे घेतला, मग पुन्हा वाकून पाहिलं. आईने मग पानांचं सांगितलं, कुंड्यांचं सांगितलं, तळघरातल्या पाण्याचं सांगितलं. क्रियापदं चुकत होती, काळ चुकत होते, पण मुद्दा कुठेच चुकत नव्हता. मधल्या एका सभासदाने साड्यांबद्दल विचारलं. “आफ्टर फोर ओ’क्लॉक आय रिमूव्ह,” आई म्हणाली. “प्लँट इज आल्सो नॉट लाइकिंग होल डे साडी.”

मग अध्यक्षबाईंनी विचारलं, आणखी कोणाला बोलायचं आहे का. डग उठला. “तक्रार मी केली होती,” तो म्हणाला. त्याने सरळ आईकडे बघून ते सांगितलं. “मला ते दिसायला अजूनही आवडत नाही. तीस वर्षं त्या खिडकीतून मी गवत बघत आलोय.” तो थांबला. “पण माझं गवत मेलं, हिचं काही मेलं नाही. तक्रार मी मागे घेतोय असं नाही, पण ते कापू नका. मला ते कसं केलं हे समजून घ्यायचंय.”

पाच जणांनी आपसात कुजबुज केली. निर्णय तिथल्या तिथे दिला. नोटीस रद्द. अट एवढीच की कोपऱ्यावरचा दोडका उतरवून रस्त्याची बाजू बुटकी ठेवायची, म्हणजे गाडी वळवताना पुढचं दिसेल. आणि नियमात ‘हिरवळ’ या शब्दाच्या जागी काय लिहावं यावर पुढच्या बैठकीत विचार होईल. आईने मला विचारलं, “जिंकलो का?” मी म्हटलं, “जिंकलो.” तिने डब्याला झाकण लावलं, गांडूळ आत आहे ना ते आधी बघून. पार्किंग लॉटमध्ये आल्यावर ती एकदम थांबली आणि म्हणाली, “केतकी, मले लय भूक लागली.” बाहेरचं सहसा न खाणाऱ्या माझ्या आईने त्या दिवशी समोरच्या दुकानातून फ्राइजचा मोठा डबा घेतला आणि उन्हात उभं राहून शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवला.

पुढच्या काही वर्षांत आईने काय काय केलं ते गावाला माहीत आहे. कम्युनिटी सेंटरमध्ये तिचा शनिवारचा वर्ग असायचा, बेकरी सुटली, एका रोपवाटिकेत तिला तिच्या शिक्षणाचं काम मिळालं. पण मला विचारलं तर तिचा सगळा विजय सुनावणीनंतरच्या शनिवारी सकाळी झाला. बाबा आदल्या रात्री आले होते आणि पायरीवर चहा घेत बसले होते. समोर डग जुने बूट घालून, फावडं घेऊन, आपल्या मेलेल्या लॉनच्या मधोमध उभा होता. त्याने जोर लावून एक घाव घातला. कडक जमिनीवरून फावडं नुसतं घसरलं. दुसरा घातला, तोही घसरला. आई रस्ता ओलांडून त्याच्याजवळ गेली, कमरेवर हात ठेवून तिसरा घाव बघितला आणि हात पुढे केला.

“नो, नो,” ती म्हणाली. “गिव्ह मी.”

आणि त्याने फावडं तिच्या हातात दिलं.